उकळले तरी धातू जात नाहीत

कारखान्याचा कचरा उघड्यावर पडला की पावसाचे पाणी त्यातून झिरपते व विरघळणारे धातू घेऊन जमिनीत उतरते. पाणी आम्लधर्मी असल्यास शिसे, कॅडमियम अधिकच सुटतात. कानपूरजवळ रनिया येथे क्रोमियमच्या कचऱ्यामुळे भूजल असेच दूषित झाले. षट्संयुजी क्रोमियम पाण्यात सहज विरघळते. त्याने कर्करोगाचा धोका वाढतो. शिशामुळे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, रक्तक्षयही होतो.

पाणी उकळल्याने जंतू मरतात, धातू तसेच राहतात; उलट पाणी आटून त्यांचे प्रमाण वाढते. भारतीय मानकानुसार लिटरभर पाण्यात शिसे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक नसावे. विहिरीजवळ असा कचरा असल्यास पाण्यातील धातूंची तपासणी प्रयोगशाळेतून करून घ्यावी. नुसती जंतूंची तपासणी पुरेशी नाही. तोवर पिण्यास व स्वयंपाकास दुसरीकडचे पाणी वापरावे.