मातीसाठीही निवडणूक असते!

माती सांभाळायला माणूस निवडून द्यायचा! त्यासाठी उमेदवार उभे राहायचे, प्रचार करायचे, लोकांनी मते टाकायची. नवल वाटले ना? अमेरिकेत हे कित्येक दशके चालू आहे. 1930च्या दशकात तिथे दुष्काळ पडला, नांगरून उघडी टाकलेली जमीन वाऱ्याने उचलली आणि धुळीचे लोट अर्धा देश ओलांडून थेट वॉशिंग्टनवर आले. राजधानीच्या आकाशात शेतातली माती! एप्रिल 1935 मध्ये मृदसंधारणाचा कायदा झाला. 1937 मध्ये नॉर्थ कॅरोलायनात ब्राउन क्रीकला पहिला मृदसंधारण जिल्हा उभा राहिला. आज असे सुमारे तीन हजार जिल्हे आहेत आणि त्यांतल्या कितीतरी जिल्ह्यांच्या मंडळांवर शेजारपाजारचे शेतकरीच मते मागून निवडून येतात.

आणि आपल्याकडे? रायगडाच्या पायथ्याशी, पाचाडला असे काही असू शकते का?

असू शकते काय, असायलाच हवे असे कायदा म्हणतो! 2002च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायला लावली आहे. सदस्य पंचायत नेमते. 2004च्या नियमांत तर गंमतच होती. एक तृतीयांश जागा महिलांना, अध्यक्ष सदस्यांनी आपल्यातूनच निवडायचा आणि समसमान मते पडली, तर निर्णायक मत पंचायतीच्या प्रमुखाचे. रानातल्या झुडपांसाठी आणि ओढ्यातल्या माशांसाठी मतदान होईल, त्यात बरोबरीही होईल, इथपर्यंतचा विचार कुणीतरी करून ठेवला होता!

या समितीचे मोठे काम म्हणजे लोकजैवविविधता नोंदवही. गावात काय उगवते, काय पोहते, कोणाला काय ठाऊक आहे, हे सगळे त्यात लिहायचे. शेवळ या रानभाजीचेच बघा. पावसाच्या तोंडावर जमिनीतून जांभळट कोंब वर येतात आणि थोड्याच दिवसांत दिसेनासे होतात. त्यांची भाजी नुसती शिजवली तर घसा खवखवतो, कारण कोंबात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतात. म्हणून भाजीत काकडाच्या झाडाची आंबट फळं टाकायची. रसायनशास्त्राचे पुस्तक न उघडता हा तोडगा आपल्या आज्या-पणज्यांनी शोधला! तो नोंदवहीसाठी कोण सांगणार? पदवीवाला नव्हे, डोक्यावर पाटी घेऊन महाडच्या बाजारात शेवळं विकणारी बाई सांगणार. समितीत तिची जागा पहिली, असे माझे ठाम मत आहे.

किंवा वलगणीचे मासे. पहिल्या दणदणीत पावसात ते प्रवाहाच्या उलट चढत भातखाचरांत येतात, अंडी घालायला. सगळेच पकडले तर पुढच्या वर्षी चढणार कोण? हा प्रश्न दिल्लीत सुटत नाही, तो वाडीतच सोडवावा लागतो.

समितीला अधिकारही आहेत. व्यापारासाठी गावच्या हद्दीतून वनस्पती नेणाऱ्याकडून ती शुल्क घेऊ शकते. आणि एका गावची जागा किती मोलाची असू शकते? आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडात 2020 मध्ये जगाला अनोळखी असा मासा सापडला, आणि 2021 मध्ये राज्य सरकारने ती जागा जैविक वारसास्थळ म्हणून जाहीर केली. महाड-पोलादपूरच्या ओढ्यांत, देवरायांत काय दडले आहे, हे नोंदवल्याशिवाय कळायचे कसे?

इथल्या डोंगरांशी आपले नाते नुसते कौतुकाचे नाही. जुलै 2005 मध्ये दासगाव, जुई या गावांवर दरड कोसळली, 22 जुलै 2021 रोजी तळिये गावावर. कुठला उतार पूर्वी झाडांनी गच्च होता, कुठला झरा अचानक गढूळ वाहतो, हे आधी दिसते ते गुराख्याला. त्याचे बोलणे लिहून घेणारी वही गावात हवी.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत उठून विचारा: आपल्या समितीत कोण कोण आहे? नोंदवही कुठे आहे, शेवटची नोंद कधीची? आणि समिती नव्याने नेमायची असेल, तर तुमचे स्वतःचे नाव द्या.