बुटकी स्प्रिंग, कडक स्प्रिंग

स्विफ्टसारखी छोटी गाडी खाली बसवायची, तर नुसती बुटकी स्प्रिंग घेऊन भागत नाही. उंची ३० मिलिमीटरने घटली, की चाकाला वर सरकायला तेवढीच जागा कमी उरते. म्हणून ही स्प्रिंग कडकही हवी. नाहीतर भरल्या गाडीत खड्डा आला, की स्ट्रट रबरी बंप स्टॉपवर आदळतो. पण कडक स्प्रिंग उसळतेही जोरात. ती उसळी जिरवायची शॉक अ‍ॅब्सॉर्बरने, आणि मूळ शॉक मऊ स्प्रिंगसाठी बेतलेला असतो. त्यामुळे खर्च करायचाच, तर दोन्हींची जुळलेली जोडी घ्या. नंतर व्हील अलाइनमेंट करून घ्या. काही गॅरेजवाले मूळ स्प्रिंगचाच वेढा कापून देतात, ते कटाक्षाने टाळा. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक लोंबकळलं, की स्प्रिंग जागेवरून निसटू शकते.