सणाचा आठवडा आणि लेकराची जखम

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आम्ही शेंदूरजनाघाटच्या बचत गटातल्या बाया. आज तुमच्याशी एका लहान वाटणाऱ्या गोष्टीवर बोलायचं आहे. घरात कामाची घाई असते, त्यात लेकराला लागतं. अशा वेळी जखमेचं काय करायचं आणि त्या लेकराच्या मायला काय बोलायचं नाही, या दोन्ही गोष्टी सांगायच्या आहेत.

पोळ्याचा आठवडा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. कपाशीत निंदण लागलेलं असतं. नर्सरीत जंबेरीच्या रोपांतलं गवत काढायला बाया पाहिजे असतात. संत्र्याच्या झाडाखाली गळालेली फळं वेचायची असतात. वावरातून आलं की घर सारवायचं, पुरणाची डाळ शिजवायची, करंज्या करायच्या. आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी, मग पोळा, दुसऱ्या दिवशी लहान पोरांचा तान्हा पोळा. त्यात पाहुणे येतात आणि गटाची बैठकही त्याच आठवड्यात येते. शाळा, अंगणवाडी बंद असली म्हणजे लेकरं दिवसभर पायात. विळा, खुरपं दाराशी पडलेलं, चुलीवर तेलाची कढई आणि गोठ्यात सजवायला बांधलेले बैल. लागायला आणखी काय पाहिजे?

यंदा आमच्या गटातल्या एका बाईच्या साडेतीन वर्षांच्या मुलाचा पाय खांदमळणीच्या संध्याकाळी विळ्यावर पडला. विळा वावरातून आलेला, मातीनं भरलेला. तळपायाला बोटाच्या एका पेराएवढं कापलं. पोरगं रडलं आणि घर गोळा झालं. एक म्हणे हळद दाबा, दुसरी म्हणे चुना लावा. चहापत्तीसुद्धा कोणीतरी आणली. शेजारच्या काकूंनी मात्र लेकराला मांडीवर घेतलं, धुतलेलं फडकं मागितलं आणि जखम दाबून धरली. थोड्या वेळानं रक्त थांबलं. मग पाय साबणानं धुतला, स्वच्छ पट्टी बांधली आणि घरातल्यांनी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. टाक्यांची गरज पडली नाही. आठवड्यानं पोरगं पळायला लागलं.

काकूंनी जे केलं, ते प्रत्येकीला जमण्यासारखं आहे. म्हणून क्रमानं सांगतो.

रक्त येत असेल तर स्वच्छ सुती फडकं जखमेवर ठेवून दहा मिनिटं सतत दाबून धरायचं. मध्ये मध्ये उचलून पाहायचं नाही. रक्त गोठून जखमेचं तोंड बंद होत असतं, फडकं उचललं की ते पुन्हा उघडतं. हात किंवा पाय असेल तर तो थोडा वर धरायचा. रक्त थांबलं की आपले हात साबणानं धुवायचे आणि मग जखमेवरून नळाचं स्वच्छ पाणी सोडायचं. माती, काडी, शेण निघून गेलं पाहिजे. आजूबाजूची कातडी साबणानं धुवायची. मग कोरडी पट्टी बांधायची. ती रोज बदलायची आणि ओली झाली की लगेच बदलायची.

आता हळदीबद्दल. खांदमळणीला आपण बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतो, पळसाच्या पानांनी शेकतो. वर्षभर जू वाहून तो खांदा दुखावलेला असतो. पण लेकराची जखम उघडी असते. डब्यातली हळद पोटात जाण्यासाठी दळलेली असते, तिच्यात बारीक धूळ आणि जंतू असू शकतात. वरून ती जखमेवर बसली की डॉक्टरला आत काय आहे तेही दिसत नाही. चुना कातडी भाजतो. चहापत्ती, राख, बिडीची तंबाखू, जाळं यांतलं काहीही जखमेत भरायचं नाही. आजीला हे सांगताना तिचा अपमान करायचा नाही. तिच्या काळी दवाखाना लांब होता, हाताशी होतं ते तिनं लावलं. आता पाणी आणि साबण हाताशी आहे.

दुसरी गोष्ट धनुर्वाताची. पुष्कळ बाया म्हणतात, लोखंड गंजलेलं होतं म्हणून सुई घ्या. गंजामुळं धनुर्वात होत नाही. त्याचा जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात राहतो. विळा नवा कोरा चमकत असला तरी त्याला वावरातली माती लागलेली असेल, तर धोका तेवढाच. पोळ्याच्या आठवड्यात गोठा, अंगण, शेण यांतच लेकरं खेळतात, म्हणून हे जास्त लक्षात ठेवायचं.

लेकराला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात जी पंचवार्षिक नव्हे, पंचगुणी लस देतात, म्हणजे पेंटाव्हॅलंट, तिच्यात धनुर्वाताची लस असते. मग १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान बूस्टर, ५ ते ६ वर्षांच्या दरम्यान दुसरा बूस्टर, आणि पुढं १० व्या व १६ व्या वर्षी टीडीची सुई. या सगळ्या सरकारी दवाखान्यात आणि लसीकरणाच्या दिवशी फुकट मिळतात. जखम झाल्यावर डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात की शेवटची सुई कधी झाली. आमच्या त्या लेकराचं कार्ड सोबत होतं, दीड वर्षाचा बूस्टर झालेला होता, म्हणून लगेच ठरवता आलं. ते माता बाल संरक्षण कार्ड पेटीच्या तळाशी ठेवू नका. त्याचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.

दवाखान्यात कधी न्यायचं? दहा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल, जखमेचं तोंड उघडं राहत असेल, आत काच किंवा काटा रुतला असेल, जखम चेहऱ्यावर किंवा सांध्यावर असेल, किंवा माती-शेण लागलेली खोल जखम असेल, तर त्याच दिवशी. टाके घालायचे तर उशीर करून चालत नाही. घरी ठेवलेली जखमही रोज पाहायची. भोवती लाली पसरली, सूज वाढली, पू आला, ताप आला तर दाखवायचं. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत लेकराचा जबडा आखडला, तोंड उघडेना, तर क्षणभर थांबायचं नाही.

कुत्रं चावलं तर गोष्ट वेगळी. जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पूर्ण पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. नखाचा ओरखडा असला तरीही. तेलानं भाजलं तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडायचं. टूथपेस्ट लावायची नाही, फोड फोडायचा नाही. डोक्याला लागलं तर दिवसभर आणि रात्री लक्ष ठेवायचं. वारंवार उलटी, गुंगी, झटका, कानानाकातून पाणी किंवा रक्त, यांतलं काहीही दिसलं की १०८ ला फोन लावायचा. खर्चाच्या भीतीनंही थांबू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत.

जखम आठवड्यात भरली. पण दुसरी जखम भरायला वेळ लागला, तीही सांगितली पाहिजे. त्या संध्याकाळी घरात पहिलं वाक्य निघालं, "तुझं लक्ष कुठं होतं?" दुसरं निघालं, "गटात फिरते, मग लेकराकडं कोण पाहणार?" ती बाई तेव्हा पंधरा माणसांच्या करंज्या तळत होती. बैठकीला ती आली नाही. बचतीचे पैसे जावेच्या हाती पाठवले आणि निरोप दिला, माझं नाव कमी करा.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत असं दिसलं, की कोणत्याही एका दिवशी १०० पैकी ८१ बाया घरचं बिनपगारी काम करतात, पुरुष २६. करणाऱ्या बाया त्यात दिवसाला २९९ मिनिटं घालतात, करणारे पुरुष ९७ मिनिटं. म्हणजे बाईचे पाच तास. ज्या घरात चार मोठी माणसं आहेत, तिथं लेकराकडं लक्ष एकाच बाईचं का असावं? कढईपाशी बसलेल्या बाईनं दाराशी खेळणाऱ्या लेकराकडंही पाहायचं, हे दोन माणसांचं काम आहे. ते एकीवर टाकून नंतर जाब विचारायचा, हा न्याय नाही.

आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. भांडायला नाही. सासूबाईंसोबत चहा घेतला, लेकराचा पाय पाहिला आणि गटानं काय ठरवलं ते सांगितलं. सणाच्या आणि निंदणाच्या दिवसांत पाळी लावायची. एका दिवशी एकीच्या ओसरीवर पाच-सहा लेकरं राहतील. जिची पाळी तिचा रोज बुडतो, तो बाकीच्या जणी मिळून भरतील. हे काही आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातच तरतूद केली होती, की कामावर आलेल्या बायांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असतील, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला मजुरी द्यायची. लेकरं सांभाळणं हे काम आहे, हे कायद्यानं मानलं, मग आपण का मानू नये?

सोबत तीन गोष्टी ठरल्या. विळा, खुरपं वावरातून आलं की धुऊन खुंटीला, ते आणणाऱ्यानंच टांगायचं, मग तो घरधनी का असेना. गटाच्या पेटीशेजारी साबण, पट्ट्या, धुतलेली सुती फडकी आणि चिकटपट्टी यांचा एक डबा ठेवायचा. आणि लेकराच्या दुखण्यामुळं बैठक चुकली तर दंड नाही.

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पहिल्या दिवशीची पाळी आमच्या ओसरीवर लावा, मी घरीच असतो." त्या बाईचं नाव आम्ही कमी केलेलं नव्हतंच.

मैत्रिणींनो, लेकरं पडणार, त्यांना लागणार, तशीच ती मोठी होणार. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हिशेब झाल्यावर दहा मिनिटं काढा. सगळ्यांच्या लेकरांची कार्डं पाहा, कोणाची कोणती सुई राहिली ते लिहून घ्या आणि आशाताईंना कळवा. महालक्ष्म्या येतील, दिवाळी येईल, संत्र्याचा तोडा येईल. त्याआधी पाळी लावून ठेवा.