थेंब की सुई?

जन्मून काही तासही न लोटलेल्या अर्भकाच्या मांडीत सुई टोचलेली पाहून कोणत्या आजीचा जीव कळवळणार नाही? ‘तोंडात थेंब घालून भागत नाही का?’ हा तिचा प्रश्न भाबडा म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. तो वैद्यकशास्त्रालाही पडला होता, आणि त्याचे उत्तर काही देशांना तान्ह्या मुलांच्या जिवाचे मोल देऊन शिकावे लागले.

रक्त गोठण्यास आवश्यक असलेले के जीवनसत्त्व डेन्मार्कचे संशोधक हेन्रिक डाम यांनी कोंबडीच्या पिलांवरील प्रयोगांतून शोधले. नवजात बालकाजवळ त्याचा साठा नाममात्र असतो. वारेतून ते फारसे पोहोचत नाही, आणि सर्वार्थाने श्रेष्ठ अशा मातेच्या दुधातही ते अत्यल्प असते. परिणामी, वरकरणी धडधाकट दिसणाऱ्या एखाद्या मुलाला दुसऱ्या आठवड्यापासून सहाव्या महिन्यापर्यंत केव्हाही अकस्मात रक्तस्राव होतो, आणि पुष्कळदा तो मेंदूतच होतो. असे प्रसंग विरळा हे खरे. परंतु ज्या घरावर तो ओढवतो, त्या घराला या विरळपणाचे समाधान कोठून लाभणार?

म्हणूनच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९६१ मध्ये प्रत्येक नवजात बालकाला हे जीवनसत्त्व देण्याची शिफारस केली. पुढे १९९२ मध्ये ब्रिस्टल येथील एका अभ्यासाने या इंजेक्शनचा संबंध बालपणीच्या कर्करोगाशी असावा, अशी शंका व्यक्त केली. साहजिकच घबराट उडाली. ऑस्ट्रेलियाने १९९३ मध्ये तोंडावाटे औषध देणे स्वीकारले. तथापि रक्तस्रावाचे रुग्ण पुन्हा दिसू लागताच १९९४ मध्ये तो देश सुईकडे परतला. स्वीडनसह अन्यत्र झालेल्या मोठ्या अभ्यासांत कर्करोगाच्या त्या शंकेला आधार मिळाला नाही.

मग थेंब कोठे उणे पडतात? हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांत विरघळणारे असल्याने आतड्यातून शोषले जाण्यास पित्ताची गरज असते. पित्तनलिका जन्मतः अवरुद्ध असलेल्या बालकात नेमके तेच आतड्यात उतरत नाही, आणि हा दोष अनेकदा कित्येक आठवडे लक्षात येत नाही. हॉलंडमध्ये रोज थेंब देण्याची पद्धत होती. २०११ मध्ये त्यांची मात्रा २५ मायक्रोग्रॅमवरून १५० पर्यंत वाढविण्यात आली, तरी अशा बालकांचे पुरेसे रक्षण झाले नाही. सुईने दिलेले औषध मात्र स्नायूत साठून राहते व हळूहळू रक्तात उतरते.

थेंब निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नव्हे. डेन्मार्कमध्ये १९९० नंतरच्या दशकात आठवड्याला एक मिलिग्रॅम याप्रमाणे तीन महिने थेंब देण्याची पद्धत चांगलीच यशस्वी ठरली. परंतु त्या यशामागे तीन महिन्यांची अखंड शिस्त होती. आपल्याकडे बाळंतीण माहेरी, मग सासरी. दवाखाना बदलतो, कागद हरवतो, मूल हसतेखेळते दिसले की औषधाचे स्मरण राहत नाही. अशा स्थितीत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत जन्मतःच एक मिलिग्रॅमचे, आणि एक किलोहून कमी वजनाच्या बालकास त्याच्या निम्मे, इंजेक्शन सांगितले, हे सुज्ञपणाचेच म्हटले पाहिजे.

आजीच्या कळवळ्याचा मान राखूनही हे करता येते. बाळ आईच्या अंगावर पीत असताना सुई टोचली, तर वेदना कमी होते. प्रसूतिगृहाने एवढी माया दाखवावी, आणि घरच्यांनी बाळाला ती सुई मिळाली की नाही, हे घरी जाण्यापूर्वी अवश्य विचारून घ्यावे.