धुराचा दुसरा आरोपी

२६ जुलै १९४३. लॉस एंजेलिसमध्ये भरदिवसा धुरकं दाटलं, डोळे चुरचुरू लागले, घसे धरले. महायुद्धाचे दिवस होते. जपान्यांनी विषारी वायू सोडला, अशी आवई उठली. मग संशय गेला कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनवणाऱ्या एका कारखान्यावर. लोकांनी ओरड करून तो बंद पाडला. धुरकं मात्र हटेना.

माग लागला तो अननसाच्या वासावर काम करणाऱ्या माणसाला. कॅलटेकमधले डच रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट अननसाचा सुवास थंड सापळ्यात गोठवून त्याचे घटक निवडत. तीच युक्ती त्यांनी शहराच्या हवेवर चालवली. सापळ्यात उग्र दर्पाचे तपकिरी थेंब जमले. पेट्रोलच्या न जळलेल्या वाफा आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन आणि डोळ्यांना झोंबणारी द्रव्यं तयार होतात, हे त्यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं. आरोपी दोन ठरले, तेलशुद्धीकरण कारखाने आणि मोटारी. मोटार कंपन्यांनी आधी कानावर हात ठेवले. पुढे सगळ्यांच्या नजरा सायलेन्सरच्या नळीवर खिळल्या.

पण त्या दशकाच्या अखेरीस मोजमापांनी वेगळंच सांगितलं. गाडीतून निघणाऱ्या न जळलेल्या वाफांपैकी सुमारे पाव हिस्सा सायलेन्सरमधून येतच नव्हता. तो इंजिनाच्या पोटातून येत होता.

पिस्टनवर दाब आला की रिंगा कितीही घट्ट असल्या तरी थोडा वायू त्यांच्या फटीतून निसटून क्रँककेसमध्ये उतरतो. त्यात जळालेल्या धुरापेक्षा न जळलेलं मिश्रणच जास्त असतं. वाट दिली नाही तर आत दाब साठतो आणि पाण्याची वाफ नि आम्लं तेलात मिसळून गाळ धरतो. म्हणून जुन्या गाड्यांना खाली उघडी नळी असे. गाडी पळाली की वाऱ्याच्या ओढीने वाफा थेट रस्त्यावर. तिच्याकडे कुणी आरोपी म्हणून पाहिलंच नव्हतं.

त्यावरचा उपाय अंगठ्याएवढा निघाला. नळी इनटेक मॅनिफोल्डला जोडायची, मध्ये स्प्रिंगचा एक व्हॉल्व्ह बसवायचा आणि वाफा पुन्हा सिलिंडरमध्ये जाळायच्या. आयडलिंगला मॅनिफोल्डची खेच जोरात आणि वाफा थोड्या, तेव्हा व्हॉल्व्ह वाट अरुंद करतो. गाडी रस्त्याला लागली की खेच कमी होते आणि वाट रुंदावते. वाफा बाहेर ओढल्या जातात तशी एअर फिल्टरकडून ब्रीदरच्या नळीने ताजी हवा आत येते. पूर्ण रेसवर खेच जवळपास संपते, तेव्हा जादा वाफा त्याच नळीने उलट एअर फिल्टरकडे जातात आणि तिथून इंजिनात. १९६१च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात आणि १९६३पासून अमेरिकाभर हा व्हॉल्व्ह गाड्यांना बसू लागला.

असा व्हॉल्व्ह असलेली गाडी घेऊन आता निपाणीहून बेळगावकडे निघा. तवंदी घाटाच्या चढावर इंजिनावर भार येतो आणि रिंगांमधून निसटणारा वायू वाढतो. व्हॉल्व्ह काजळीने चिकटलेला आणि ब्रीदरही तुंबलेला असेल, तर दाब कमजोर जागा शोधतो. टॅपेट कव्हरचं पॅकिंग पाझरतं, ऑइल सील गळतं, डिपस्टिक वर उचलली जाते. गॅरेजमधलं निदान ठरलेलं असतं, "साहेब, बॅक कॉम्प्रेशन मारायलंय बघा, इंजिन काढावं लागतंय." म्हणजे दोष थेट झिजलेल्या रिंगांवर. किंवा नुसतं सील बदललं जातं आणि नवं सीलही गळू लागतं.

बेळगावच्या पावसाळ्यात आणखी एक फसगत होते. टिळकवाडी ते शहापूर एवढ्याशा फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ ऑइल कॅपखाली पिवळट सायीसारखी जमते आणि हेड गॅस्केटवर आळ येतो. कूलंट कमी होत नसेल तर आधी गाडी लांब पळवून तापवावी, व्हेंटिलेशनची नळी तपासावी. उद्यमबागेत इंजिनाचे भाग ओतणाऱ्या आणि घासणाऱ्या या गावात इंजिन खोलून देणारे हात पुष्कळ आहेत, म्हणूनच खोलण्याआधीची तपासणी महत्त्वाची.

ती सोपी आहे. पेट्रोल गाडी आयडलिंगला ठेवून ऑइल कॅप काढा आणि तोंडावर कागद धरा. कागद हलकेच चिकटला तर व्हेंटिलेशन ठीक. फडफडून उडाला तर इंजिन बंद करून व्हॉल्व्ह काढून हलवा. साध्या स्प्रिंगचा असेल तर आत खुळखुळायला हवा. डिझेलला ही परीक्षा जशीच्या तशी लागू नाही, कारण तिथे मॅनिफोल्डला तशी खेच नसते. ब्रीदर सहसा टर्बोच्या तोंडाशी जोडलेला असतो, तेव्हा ती नळी आणि तेल वेगळं करणारा डबा पाहावा.

नवा व्हॉल्व्ह बसवूनही आणि नळ्या साफ करूनही कागद उडतच राहिला, तर कॉम्प्रेशन मोजून घ्यावं. तेही कमी भरलं, तर मिस्त्रीचं खरं मानावं आणि इंजिन खोलावं.