मंत्रचळ आणि संमतीचा कागद

बँकेच्या कामकाजात पुनर्तपासणीला मोठे स्थान आहे. एकाने केलेली नोंद दुसऱ्याने पडताळावयाची, तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांच्या ताब्यात ठेवावयाच्या, रोकड जुळल्याखेरीज घरी जावयाचे नाही, ही आमची नित्याची शिस्त. त्यामुळे झाशीच्या मानिक चौकातील आमच्या शाखेत लॉकर बंद केल्यावर त्याची मूठ दोनदा ओढून पाहणारा ग्राहक दिसला, तर आम्हाला त्याचे कौतुकच वाटे.

परंतु एक ग्राहक असे होते, की ते मूठ ओढून जिन्यापर्यंत जात, थांबत, आणि परत येत. कधी सहा वेळा, कधी दहा वेळा. नेवाळकरांच्या सुभेदारीच्या काळापासून झाशीत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांपैकी एका घराण्यातील हे गृहस्थ. वय तिशीचे, चौकाजवळच कापडाचे दुकान. आम्ही मागे हसत असू. ‘मंत्रचळ लागला आहे,’ असे मीही एकदा म्हणाले होते. एके दिवशी शाखा बंद होण्याची वेळ झाली तरी ते निघेनात. ‘कुलूप लागले आहे हो,’ असे मी चौथ्यांदा सांगितले, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, ‘मॅडम, कुलूप लागले आहे हे मला दिसते. पण पटत नाही.’

त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून मी हा प्रसंग सांगत आहे. सतराव्या वर्षापासून त्यांना हा त्रास होता आणि चौदा वर्षांत त्यांनी तो एकाही डॉक्टरांना सांगितला नव्हता.

आजाराचे स्वरूप

मंत्रजपात चूक झाल्यामुळे लागलेला चळ, अशी जुनी समजूत ‘मंत्रचळ’ या शब्दामागे आहे. आज वैद्यकशास्त्र या विकाराला ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, अर्थात ओसीडी म्हणते. त्याची दोन अंगे आहेत. पहिले, मनात नको असताना पुनःपुन्हा घुसणारा विचार, शंका अथवा चित्र. दुसरे, त्या विचाराने उठणारी अस्वस्थता शमविण्यासाठी करावी लागणारी कृती. हात अस्वच्छ आहेत या विचारापोटी तासन् तास धुणे, गॅस चालू राहिला असेल या शंकेपोटी अर्ध्या वाटेवरून परतणे, वस्तू एका रेषेत लागेपर्यंत जागचे न हलणे, ही त्याची परिचित रूपे होत.

काही रूपे मात्र बाहेरून दिसतच नाहीत. देवापुढे हात जोडताच मनात अभद्र शब्द येणे, तान्ह्या बाळाला आपल्या हातून इजा होईल अशी भीती एखाद्या आईला वाटणे, हेही याच आजाराचे प्रकार आहेत. अशा विचारांचा त्या व्यक्तीला स्वतःलाच अत्यंत तिटकारा असतो. ती तिची इच्छा नसते. लाजेपोटी ही माणसे वर्षानुवर्षे गप्प राहतात.

हा विकार दुर्मिळ नाही. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांनुसार शंभरातील साधारण एक ते तीन व्यक्तींना आयुष्यात केव्हातरी तो होतो. बहुधा त्याची सुरुवात किशोरवयात किंवा ऐन तारुण्यात होते.

सवय कोठे संपते?

आपल्या घरांतून सोवळे-ओवळे पाळले जाते, जपाची माळ मोजली जाते. हा आजार नव्हे. सोवळ्यातील स्वयंपाक झाला, माळ पूर्ण झाली, की मनाला समाधान लाभते. बँकेतही दुसऱ्या अधिकाऱ्याने पडताळणी केली की नोंद पूर्ण होते. ओसीडीमध्ये ही पूर्तता मनात नोंदलीच जात नाही. जप ‘चुकला’ म्हणून पहिल्या मण्यापासून पुन्हा सुरू होतो आणि पुन्हा चुकतो. अशा विचारांत व कृतींत दिवसाचा तासाहून अधिक वेळ जात असेल, किंवा त्यामुळे काम, शिक्षण वा संसार अडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची भेट घेणे आवश्यक आहे.

उपचार आहेत

या आजारावर दोन प्रकारचे उपचार सिद्ध झालेले आहेत. पहिला औषधांचा. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन यांसारखी औषधे यासाठी दिली जातात. त्यांचा गुण दिसण्यास दहा-बारा आठवडे लागू शकतात. ‘महिना झाला, फरक नाही’ म्हणून आपल्या मनाने औषध सोडणे, ही सर्वत्र आढळणारी चूक होय.

दुसरा उपचार वर्तनाचा. लंडनमधील मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली त्याचा पाया घातला. ज्याची भीती वाटते त्याला टप्प्याटप्प्याने सामोरे जावयाचे आणि नेहमीची कृती मात्र करावयाची नाही. अस्वस्थता प्रथम वाढते. पण कृती न करताही ती काही वेळाने ओसरते, हे मन अनुभवाने शिकते. येथे घरच्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. ‘लागले आहे कुलूप’ असा दिलासा वारंवार दिल्याने क्षणभर बरे वाटते, परंतु आजाराला खतपाणी मिळते. मी चार वेळा दिलेला दिलासा, चांगल्या हेतूने का होईना, त्याच जातीचा होता.

संशोधन कशासाठी?

हे उपचार सर्वांना सारखे लागू पडत नाहीत. बऱ्याच रुग्णांना पहिल्या औषधाने पुरेसा आराम मिळत नाही. म्हणूनच संशोधन चालू राहणे गरजेचे आहे. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत ओसीडीसाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. एकाहून अधिक व्यक्तींना मानसिक आजार असलेल्या कुटुंबांचा जो दीर्घकालीन अभ्यास तेथे इतर संस्थांच्या सहकार्याने चालतो, त्यातही या विकाराचा समावेश आहे. काही अभ्यासांत केवळ प्रश्नावली, रक्ततपासणी वा मेंदूचे चित्रण असते. काहींत नव्या उपचाराची चाचणी असते.

आमच्या त्या ग्राहकांनी अखेर परगावच्या एका रुग्णालयात उपचार सुरू केले. पुढे तेथे त्यांना अशाच एका अभ्यासात सहभागी होण्याविषयी विचारण्यात आले. ते कागद घेऊन माझ्याकडे आले. ‘मॅडम, कर्जाचे कागद तुम्ही आम्हाला समजावून देता. हाही एक समजावून द्या.’

संमतीचा कागद

मी वाणिज्य शाखेची. वैद्यकातले मला काय कळणार? पण कागद वाचण्याची सवय आहे. वाचताना एक मोठा फरक लक्षात आला. कर्जाच्या करारावर सही केली की ऋणको बांधला जातो. संशोधनाच्या संमतीपत्रावर सही केली तरी सहभागी व्यक्ती मोकळीच राहते. कोणत्याही टप्प्यावर, कारण न देता, ती बाहेर पडू शकते आणि त्यामुळे तिचे नेहमीचे उपचार थांबविता येत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या ९९व्या कलमानुसार अशा संशोधनासाठी रुग्णाची मुक्त व माहितीपूर्ण संमती घ्यावीच लागते.

सही करण्यापूर्वी पुढील बाबी पाहाव्यात.

नोंदणी : औषधांच्या व उपचारांच्या चाचण्यांसाठी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया ही सार्वजनिक नोंदवही २००७ साली सुरू झाली, औषधचाचण्यांची नोंद तेथे २००९ पासून अनिवार्य आहे. ती कोणालाही विनामूल्य पाहता येते.

नीतिसमिती : अभ्यासाला नैतिकता समितीची मान्यता हवी. २०१९ च्या नियमांनुसार या समितीत किमान सात सदस्य असतात आणि त्यांत वैद्यकक्षेत्राबाहेरची एक सामान्य व्यक्तीही असते.

गट : चाचणीत कोणाला नवा उपचार व कोणाला तुलनेचा उपचार मिळेल, हे बहुधा चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरते. तुलनेसाठी औषधी गुण नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो, असेल का आणि चालू औषधांचे काय होईल, हे स्पष्ट विचारावे.

भरपाई : औषधाच्या चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचारांची व नुकसानभरपाईची तरतूद याच नियमांत आहे.

पैसे : केवळ संशोधनासाठी केलेल्या तपासण्यांचा खर्च सहभागी व्यक्तीवर पडू नये, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. प्रवेशासाठी ‘अनामत’ मागणाऱ्यापासून सावध राहावे.

आणि मुख्य म्हणजे, संशोधनातून स्वतःला लाभ होईलच असे आश्वासन कोणीही देऊ शकत नाही. मिळणारे ज्ञान पुढच्या रुग्णांच्या कामी येईल, हे मान्य असेल तरच पुढे जावे.

मदत कोठे मिळेल?

झाशीत महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस या शासकीय सेवेशी १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. आमच्याकडे ‘आग्र्याला पाठवा’, महाराष्ट्रात ‘येरवड्याला पाठवा’ अशी थट्टा पिढ्यान् पिढ्या चालत आली. या थट्टेच्या भीतीने किती जणांची उमेदीची वर्षे वाया गेली असतील, याचा हिशेब कोणत्याही खातेवहीत सापडणार नाही.

त्या गृहस्थांनी संमतीपत्र घरी नेले, पत्नीशी व वडिलांशी चर्चा केली, डॉक्टरांना सात प्रश्न विचारले आणि चौथ्या दिवशी सही केली. आजही ते लॉकरसाठी येतात. मूठ एकदा ओढतात आणि जिन्याकडे वळतात. एखाद्या दिवशी परततातही. अशा वेळी आम्ही कोणी हसत नाही, आणि ‘कुलूप लागले आहे’ असेही म्हणत नाही. त्यांच्या डॉक्टरांनी सुचविल्याप्रमाणे एवढेच म्हणतो, ‘थोडे थांबू या, अस्वस्थता आपोआप ओसरेल.’ बहुतेक वेळा ती ओसरते.