चतुरंगांतील नौका

बुद्धिबळाच्या पटावर नौका असावी, ही गोष्ट महाराष्ट्रांतील वाचकांस चमत्कारिक वाटेल. आमच्या पटाच्या कोपऱ्यांत हत्ती, व तिरपा चालतो तो उंट. परंतु वंगदेशीय रघुनंदनानें १६ व्या शतकांत रचिलेल्या तिथितत्त्वांत, कोजागरीच्या जागरणाच्या प्रकरणीं, चौघांनीं फांसे टाकून खेळावयाचें चतुरंग व्यास-युधिष्ठिर-संवादरूपानें दिलें आहे. त्यांत प्रत्येक सैन्याची नौका कोपऱ्यांत, शेजारीं अश्व, मग गज व राजा, आणि पुढें चार वटिका, म्हणजे प्यादीं. सर विल्यम जोन्स यानें १७९० त या खेळाचें वर्णन युरोपीयांपुढें आणिलें. मैदानावरील हत्तीघोड्यांत नाव मिसळणें त्यास असमंजस वाटलें. नद्यांच्या वंगदेशांत तें तसें वाटलें नसावें.

फांशांत पांच पडल्यास राजा किंवा वटिका, चार पडल्यास गज, तीन पडल्यास अश्व व दोन पडल्यास नौका चालते. नौकेची गति कोनाकोनी दोन घरें. राजा, गज व अश्व यांनीं शत्रूस मारावें, परंतु स्वतःस मारांत घालूं नये. नौका व वटिका यांस मात्र मारणें व मरणें दोन्ही मोकळें.

आतां ही गति पटावर मांडून पाहिली म्हणजे एक मौज दिसते. कोपऱ्यांतून निघालेली नौका ६४ पैकीं केवळ ८ घरांवरच जाऊं शकते, आणि चौघींचीं तीं आठ आठ घरें सर्वस्वीं भिन्न आहेत. अर्थात् एक नौका दुसरीस नेहमींच्या रीतीनें कधींच मारूं शकत नाहीं! म्हणूनच ‘बृहन्नौका’ हा नियम लागला असावा, असें आम्हांस वाटतें. तीन नौका लगतच्या तीन घरांत असतां चौथीनें येऊन चौकोन पुरा केला, तर तिच्या धन्यास इतर तिन्ही मिळतात. पटाच्या अगदीं मध्यावरील चार घरांत चौघींचें प्रत्येकीं एक घर येतें; तेथें हा योग सहज साधतो.

आमच्याकडील परंपरा निराळी दिसते. कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वरानें १२ व्या शतकांत मानसोल्लासाच्या क्रीडाविंशतींत चतुरंगास स्थान दिलें. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यांतील नीलकंठानें १७ व्या शतकांत नीतिमयूखांत बुद्धिबळ वर्णिलें, त्यांत उंट आहे. बीड जिल्ह्यांत चकलांबा, गेवराई या बाजूस समुद्र नाहीं, पण गोदावरी आहे व पैठणही दूर नाहीं. तेथील दप्तरांत गज, अश्व, नौका अशीं नांवें असलेलें सुटें पान आढळल्यास संग्राहकांनीं तें एकदम युद्धशास्त्राच्या किंवा आरमाराच्या रुमालांत बांधूं नये. नांवांशेजारीं ५, ४, ३, २ हे अंक किंवा लाल, हिरवा, पिवळा, काळा हे चार रंग आहेत काय, तें आधीं पाहावें.